पाण्याने काढलेलं झाड : चामड्यावर ओघळांची नक्षी कशी उमटवावी

जुन्या इंग्रजी ग्रंथांच्या चामडी बांधणीवर कधी कधी एक झाड दिसतं. खाली जाडसर बुंधा, वर पसरत गेलेल्या बारीक फांद्या, मधे मधे कॉफीच्या रंगाचे शिंतोडे. कुणी कुंचल्याने काढलं असावं असं वाटतं, पण ते काढलेलं असतं पाण्याने. इंग्लंडमधल्या बांधणीकारांनी १८व्या शतकाच्या उत्तरार्धात ही रीत बसवली आणि पुढे १९व्या शतकातही ती तिथे आवडीने वापरली गेली. वासराच्या चामड्यावर करत म्हणून तिचं नाव ‘ट्री काफ’. पुठ्ठा वाकवून पन्हळीसारखा करायचा, पुस्तक तिरकं टांगायचं, वरून पाणी सोडायचं आणि पाणी वाहत असतानाच त्यावर हिराकशीचे (म्हणजे लोखंडाच्या एका क्षाराचे) आणि पोटॅशचे (म्हणजे सोड्यासारख्या अल्कलीचे) थेंब झटकायचे. थेंब पाण्याबरोबर घसरत मधल्या खळगीकडे येतात, एकमेकांना मिळतात आणि ओढे नदीला मिळावेत तसा बुंधा तयार होतो.

मी हे काम वह्यांच्या कव्हरांवर करतो, आपल्याकडच्या बाभूळ-हिरड्यावर कमावलेल्या चामड्यावर. इंग्रजी बांधणीकारांचं साहित्य जसंच्या तसं मिळवायची गरज पडत नाही. हिराकस, धुण्याचा सोडा, मैदा, हिरडा, एवढ्यावर काम होतं. ओघळ उमटवणं तर पहिल्याच दिवशी जमतं. खरं कसब पुढे आहे, उमटलेल्या ओघळातलं लोखंड वेळेवर थांबवण्यात. त्या जुन्या ग्रंथांपैकी कितीतरींवर आज फांद्यांच्या जागी चर पडलेले दिसतात, कारण तीव्र हिराकशीने तेवढ्याच जागी चामडं खाल्लेलं असतं. म्हणून या लेखात थांबवण्याच्या टप्प्याला मी सगळ्यात जास्त जागा दिली आहे. तो टप्पा वाचल्याशिवाय पहिला थेंबही टाकू नका.

काळा रंग येतो कुठून

यात काळा रंग असा बाटलीत कुठेच नसतो. झाडाच्या सालीवर कमावलेल्या कातड्यात टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, असतं. त्याला लोखंडाचा क्षार भेटला की आधी फिकट, जवळजवळ न दिसणारं संयुग तयार होतं आणि हवेतला प्राणवायू लागला की ते निळसर काळं होतं. युरोपात शतकानुशतकं वापरली गेलेली लोह-टॅनिनची शाई हीच. आपल्याकडे कलमकारीत हिरड्यात बुडवलेल्या कापडावर गूळ आणि गंजक्या लोखंडाचं आंबवलेलं पाणी फिरवून काळी रेघ काढतात, तीही हीच क्रिया.

यातून कामाची गोष्ट एवढीच लक्षात ठेवायची : टाकल्या क्षणी रंग पूर्ण दिसत नाही. पाच मिनिटांनी गडद होतो, वीस मिनिटांनी आणखी. ‘फिकट आलं’ म्हणून लगेच दुसरा हात देणाऱ्याचं झाड अर्ध्या तासात कोळसा होतं.

सोड्याचं काम वेगळं. अल्कलीने टॅनिन तांबूस तपकिरी होतं. काळ्या फांद्यांच्या कडेने जी उबदार तपकिरी झाक दिसते ती त्याची.

चामडं

बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं. मऊ, लवचीक, पर्सेस-जॅकेट्ससाठी छान, पण या कामाला निरुपयोगी, कारण त्यात टॅनिन नाही. कापलेली कड पाहा. निळसर करडी असेल तर क्रोम. आरपार बदामी-तांबूस असेल तर बहुधा सालीवर कमावलेलं. क्रोमचं चामडंही आरपार रंगवलेलं मिळतं, त्यामुळे खात्री हवी तर खिशात लोखंडाच्या पाण्याची छोटी बाटली घेऊन जा आणि दुकानदाराच्या परवानगीने चिंधीवर एक थेंब टाका. दोन मिनिटांत काळा पडला तर घ्या.

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत किंवा मुंबईत धारावीत विचारताना ‘बाभूळ-हिरड्याचं कमावलेलं, रंग न दिलेलं, तेल न पाजलेलं’ असं स्पष्ट सांगा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांची वस्तू आहे आणि तिचा पाया हेच सालीवर कमावलेलं कातडं. पिढ्यान् पिढ्या ते कमावण्याचं कष्टाचं काम ढोर समाजाने केलं आहे. तुमच्या झाडाचा अर्धा रंग त्यांच्या हौदातून आलेला असतो, हे मला प्रत्येक तुकड्याला हात लावताना जाणवतं.

म्हशीचं चामडं जाड आणि भरड दाण्याचं असतं. त्यावर ओघळ जरा विस्कटतात, झाडाऐवजी झुडूप येतं. तेही वाईट दिसत नाही, पण पहिल्या प्रयत्नाला बकऱ्याचं किंवा वासराचं बारीक दाण्याचं घ्या. तमिळनाडूत तरवडीच्या सालीवर कमावून हिरड्याने पुरं केलेलं बकऱ्याचं चामडं मिळालं तर उत्तमच. जाडी १ ते १.५ मिमी. ए-५ वहीच्या साध्या कव्हराला २४ × ३४ सेंमी लागतं. चारही बाजूंनी २ सेंमी जास्त ठेवा, कारण ओलं होऊन वाळलं की चामडं थोडं आखडतं.

दोन पाणी

लोखंडाचं पाणी दोन तऱ्हांनी होतं.

पहिली तऱ्हा हिराकशीची. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. कृषी सेवा केंद्रात पिकांच्या लोहासाठी मिळतं, आयुर्वेदिक कच्च्या औषधांच्या दुकानातही मिळतं. खडे फिकट हिरवे हवेत. पिवळट तपकिरी भुकटी झालेली असेल तर ते जुनं झालेलं आहे, घेऊ नका. १०० मिली गाळलेल्या पाण्यात १ ग्रॅम, फार तर दीड. यापेक्षा तीव्र करायचा मोह होईल, पण चामड्याचं आयुष्य इथेच ठरतं. हे पाणी करायचं ते त्याच दिवशी वापरायचं. दोन दिवसांत ते गंजाच्या रंगाचं होतं.

दुसरी तऱ्हा व्हिनेगरची. अर्धा लिटर साधं पांढरं व्हिनेगर, त्यात ५ ते १० ग्रॅम बारीक स्टील वूल. आधी भांड्याच्या साबणाने धुऊन त्याचं तेल काढा आणि एक दिवस ओलंच ठेवून गंजू द्या. काचेच्या बरणीत घालून झाकण सैल ठेवा. आत हायड्रोजन वायू तयार होतो, घट्ट लावलेली बरणी फुटू शकते आणि जवळ दिवा-उदबत्ती तर नकोच. दहा ते पंधरा दिवसांनी जुन्या सुती पंचातून दोनदा गाळा. वापरताना एकास तीन पाणी घाला. हे पाणी महिनोन् महिने टिकतं आणि हिराकशीच्या पाण्यापेक्षा चामड्याला सौम्य जातं. त्यात सल्फेट नसल्यामुळे गंधकाच्या आम्लाची भीती नाही. आता मी हेच वापरतो. हिराकशीचा काळा रंग मात्र जास्त थंड, निळसर येतो. एखाद्या कामाला तोच हवा असतो, तेव्हा हिराकस.

सोड्याचं पाणी : १०० मिली पाण्यात २ ग्रॅम धुण्याचा सोडा. जुने बांधणीकार पोटॅश वापरत. सोड्याने काम तेवढंच होतं.

दोन्ही बाटल्या वेगळ्या, चमचे वेगळे. बाटलीतच एकत्र झाले तर हिरवट गाळ खाली बसतो आणि दोन्ही वाया जातात. त्यांची भेट चामड्यावरच व्हायला हवी.

पाणी कुठलं, हे बारकाईने पाहा. बोअरच्या किंवा कोकणातल्या जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यात आधीच लोह असतं. त्याने नुसतं पुसलं तरी चामडं करडं पडतं. फिल्टरचं पाणी घ्या. लोखंडी कात्री, पत्र्याचा डबा, स्टेपलरची पिन, लोखंडी चिमटा, यातलं काहीही ओल्या चामड्याला लागलं की डाग पडलाच. कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे आणि प्लास्टिकचं घमेलं वापरा. रबरी मोजे घाला. हिराकस पोटात गेली तर विषारी आहे, म्हणून घरात लहान मुलं असतील तर बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून कुलपात ठेवा.

खळ

आदल्या दिवशी करायचं काम. अर्धा चमचा मैदा २०० मिली पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून शिजवा. दुधासारखी पातळ खळ झाली पाहिजे. निवल्यावर स्पंजने चामड्याच्या गुळगुळीत बाजूवर एकसारखी फिरवा, हाताने जिरवा, जास्तीची पुसून घ्या, सावलीत वाळू द्या.

चामड्याची पाठ, पोट आणि मान पाणी सारखं पीत नाहीत. पोटाकडचा भाग ढसाढसा पितो आणि तिथे ओघळ न होता डाग होतो. खळीने ही भूक सगळीकडे सारखी होते. थेंब लगेच आत न शिरता क्षणभर वर तरंगतो आणि त्याच क्षणात तो वाहतो. खळ नसेल तर फांदी मिळणार नाही, शाई सांडल्यासारखं ठिगळ मिळेल.

चामडं फिकट असेल, चिंधीवर रंग काळा न येता राखाडीच येत असेल, तर खळीच्या आधी हिरड्याचं पाणी द्या. २० ग्रॅम हिरडा पूड लिटरभर गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेलं. यात एक सुंदर शक्यता दडलेली आहे. हिरडा सगळीकडे न लावता फक्त मधल्या पट्ट्यात, बुंधा यायचा आहे तिथे, कुंचल्याने लावला, तर वाळल्यावर तो जवळजवळ दिसत नाही. पण नंतर तिथूनच लोखंड सगळ्यात गडद उमटतं आणि कडेच्या फांद्या फिकट राहतात. झाडाला खोली येते. पाण्याच्या हातात काम देऊनही आपलं म्हणणं मांडायची ही एकच जागा मला सापडली आहे.

पन्हळ

साधारण ४० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद सनमायकाचा तुकडा घ्या. दोन्ही लांब कडांना भोकं पाडून आडव्या सुतळ्या बांधा आणि ओढून मधे २ ते ३ सेंमी खोल बाक येईल असा पन्हळीसारखा वाकवा. वरचं टोक विटेवर टेकवून २० सेंमी उंच करा, म्हणजे उतार ३० अंशांच्या जवळ येतो. खालचं टोक घमेल्यात. मोठा तुकडा असेल तर सनमायकाही त्या मापाचा घ्यावा लागेल.

उतार कमी पडला तर पाणी साचतं आणि बुंध्याचं तळं होतं. जास्त झाला तर सगळे ओघळ समांतर, सरळ खाली धावतात. काहींना तेच आवडतं, पावसाच्या सरीसारखं दिसतं. पन्हळ न करता सपाट फळी उभी धरून मुद्दाम तशा सरीही पाडता येतात.

ओघळ

ज्या तुकड्यावर करायचं त्याच्याच चार-पाच चिंध्यांवर आधी सराव करा. प्रत्येक कातडं वेगळं वागतं.

थेंब झटकायला मी खराट्याच्या दहा-बारा हिरांची जुडी वापरतो, टोकं सारखी कापून. दोन जुड्या, दोन्ही पाण्यांसाठी वेगळ्या. जुडी बुडवून आधी घमेल्यात जोरात झटकायची, जादा पाणी गेलं पाहिजे. मग चामड्यापासून फूटभर उंचीवर डाव्या हातात आडवी काठी धरून तिच्यावर जुडी हलकेच आपटायची. मोहरीएवढे थेंब पडतात. जवळून झटकलं की हरभऱ्याएवढे पडतात आणि ते वाहत नाहीत, बसतात.

आता क्रम. पाणी सोडल्यापासून पुढचं सगळं दीड-दोन मिनिटांचं काम आहे. सगळं हाताशी ठेवा, फोन लांब ठेवा.

१. चामडं पन्हळीवर चिमट्यांनी बसवा. स्पंजने पूर्ण ओलं करा, कडा आणि कोपरेसुद्धा. कोरडा राहिलेला ठिपका शेवटपर्यंत ओरडत राहतो. ओलसर झाल्यावर चकाकी उतरेपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटं थांबा.

२. स्पंज भरून घ्या आणि वरच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिळत जा. पाण्याचा पातळ पडदा दोन्ही बाजूंनी मध्याकडे आणि मग खाली वाहू लागेल. साधारण २०० मिली पाणी पुरतं.

३. पाणी वाहत असतानाच लोखंडाचं पाणी झटका. वरच्या दोन-तृतीयांश भागावरच. खालचा भाग ओघळांनी आपोआप भरतो. एकूण दोन चमचे पाणी पुष्कळ झालं.

४. लगेच, दहा सेकंदांच्या आत, सोड्याचं पाणी तसंच झटका. थोडं कमी.

५. हात मागे घ्या.

पाचवी पायरी सगळ्यात अवघड. ओघळ एकमेकांना शोधत जात असतात, मधेच थांबतात, दुसरा थेंब मागून आला की पुन्हा सुटतात. त्यात बोट घालू नका, फुंकू नका. फार तर पन्हळीचं एक टोक किंचित कलतं करून पाणी एका बाजूला वळवा, म्हणजे बुंधा जरा वाकडा येतो आणि झाड जास्त खरं वाटतं. अगदी मधोमध, सरळसोट बुंधा मला तरी फुलदाणीतल्या काडीसारखा दिसतो.

चामडं फार ओलं असेल तर रेषा धुकट होऊन पसरतात. फार कोरडं असेल तर प्रत्येक थेंबाला कडक कड येते. मनासारखी फांदी या दोन्हींच्या मधे कुठेतरी असते आणि ती जागा हाताला कळायला माझे वीसेक तुकडे गेले.

थांबवणं

तीन ते चार मिनिटांनी, रंग हवा त्यापेक्षा एक पायरी फिकट असतानाच, धुवायला घ्या. स्वच्छ स्पंज, भरपूर फिल्टरचं पाणी, वरून खाली. घासू नका, दाबून उचला. स्पंज दर वेळी पिळून घ्या. खाली जाणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत.

मग खाण्याचा सोडा : लिटरभर पाण्यात एक सपाट चमचा. स्पंजने संपूर्ण तुकड्यावर एकदाच फिरवायचा आणि दोन मिनिटांनी पुन्हा साध्या पाण्याने दोनदा धुवायचं. उरलेलं आम्ल मारण्यापुरतंच हे आहे. सोडा तीव्र केला तर चामडं काळवंडतं आणि वाळल्यावर कडक होतं.

हा टप्पा मी सुरुवातीच्या एका कव्हरावर गाळला होता. रंग इतका सुरेख आला होता की धुतल्याने उतरेल अशी भीती वाटली. हिराकसही मी तेव्हा चमच्याने अंदाजे घातली होती. भेट दिलेली ती वही दोन वर्षांनी माझ्याकडे परत आली. पाठीच्या घडीवर जिथे जिथे काळी फांदी ओलांडून गेली होती, तिथे तिथे चामडं बिस्किटासारखं तुटलं होतं. बाकीचं चामडं मऊ, ठणठणीत. फक्त झाड मेलं होतं.

धुतल्याने रंग थोडा उतरतो हे खरं आहे. तो वाळताना आणि तेल लागल्यावर परत गडद होतो. आणि खबरदारी म्हणून, वहीच्या पाठीची घडी जिथे येणार तिथे बुंधा येऊ देऊ नका. कव्हराच्या पुढच्या बाजूला एक झाड, मागच्या बाजूला एक, मधली चार-पाच सेंमीची पट्टी मोकळी. त्यासाठी दोन्ही अर्ध्या भागांवर काम स्वतंत्रपणे करा आणि दुसरा भाग प्लास्टिकने झाकून ठेवा.

वापरलेलं पाणी मोरीत टाकल्यावर लगेच भरपूर पाणी ओता. शहाबादी फरशीवर हे डाग चिवट बसतात. चामड्यावर नको तिथे एखादा काळा ठिपका पडला तर ताबडतोब कापसाच्या काडीने लिंबाचा रस लावा, फिका पडला की पाण्याने नीट धुवा. वाळल्यावर तो निघत नाही.

वाळवणं, तेल, झळाळी

सनमायकावरच सपाट, सावलीत, २४ तास. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही. पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळाच. तुकडा तीन-तीन दिवस ओलसर राहतो आणि खळीवर बुरशी धरते. मी दसऱ्यानंतर सुरू करतो आणि होळीपर्यंत वर्षभराचे तुकडे करून ठेवतो.

पूर्ण वाळण्याआधी, किंचित गार लागत असतानाच, नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेल्या तेलाचा) अगदी पातळ हात द्या. ते नसेल तर खोबरेल चालतं, पण थंडीत ते पृष्ठभागावर थिजतं आणि पांढुरकं दिसतं. ऊब दिली की जातं. तेल कमी वाटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या, एकदम नको.

झळाळीसाठी जुने बांधणीकार अंड्याचा पांढरा बलक वापरत आणि त्यावर गरम केलेलं गुळगुळीत हत्यार फिरवत. घरी पहिला भाग सहज जमतो. एका अंड्याच्या पांढऱ्या बलकात चार थेंब व्हिनेगर घालून फेसा, रात्रभर ठेवा, खाली जमलेला पातळ द्रव गाळून घ्या. मऊ फडक्याने एक पातळ हात, वाळल्यावर दुसरा. नंतर तळहाताने चोळा. ओघळ काचेखाली ठेवल्यासारखे खोल दिसू लागतात. वही रोज हाताळली जाणार असेल तर त्यावर मेण हवं. एक भाग मधमाश्यांचं मेण, तीन भाग तेल, गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवून. चिमूटभरच लावा.

तयार रंग वापरायचे असतील तर

स्पिरिटमधले तयार रंग लाल, निळे, हिरवे हवे तसे मिळतात आणि त्यांनी चामडं खाल्लं जाण्याची काळजी नसते. पण ते पाण्यावर तसे वाहत नाहीत, कारण स्पिरिट लगेच उडतं आणि रंग टेकला तिथेच शिरतो. त्यांच्या रेषा पाडायच्या तर कोरड्या, राठ ब्रशने, जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून, एका दमात एकाच दिशेने ओढा. लाकडाच्या रेषांसारखं येतं. शांतिनिकेतनी चामडी वस्तूंवरचं रंगकाम हा त्याहून वेगळा आणि मोठा विषय आहे.

कापणं

झाड उमटल्यावरच कापा, आधी नाही. पुठ्ठ्यात वहीच्या मापाची खिडकी कापून ती तुकड्यावर सरकवत राहा. बहुतेक वेळा चांगलं झाड तुम्ही धरलेल्या मध्याच्या दोन-तीन सेंमी डावी-उजवीकडे असतं. जागा ठरली की पेन्सिलीने खूण, मग रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी. रापीचं पातं कोरडं आणि पुसलेलं असू द्या, चामडं अजून ओलसर असेल तर तेही डाग देतं. आणि कापलेल्या प्रत्येक तुकड्याच्या आतल्या खरबरीत बाजूवर तारीख, लोखंडाचं प्रमाण, उतार आणि धुवायला घेतलं ते मिनिट लिहून ठेवा. पाच-सहा वर्षांनी एखादी वही परत हातात आली तर फांदी धरून हळूच वाकवून पाहा, आणि मागे लिहिलेलं वाचा.